मोजणीचा सोमवार

तिला सगळं गाव मापवाली म्हणतं. तिलाही आईबापांनी हौसेनं नाव ठेवलं होतंच, पण ते आता खुद्द सासूच्याही तोंडात येत नाही. दवाखान्यामागच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून शिलाई मशीन, आणि तिच्या गळ्यात कायम टेप. गावातल्या निम्म्या लोकांच्या अंगावरचे कपडे तिच्या हातचे. अंग सुटलेल्या बायका येऊन ठणकावून सांगायच्या, की मागचंच माप धर. ही मान डोलवायची आणि कापताना दोन बोटं कापड जास्त ठेवायची. बायका खूश, कपडा अंगात बसला म्हणून हीही खूश. नवरा गवंडी, कामाच्या मागे गावोगाव फिरणारा, सुट्टीला तेवढा घरी येणारा. घरात खरं राज्य सासूचं. आणि सासू म्हणजे काय सांगावं, बोलायला लागली की समोरच्याला पळता भुई थोडी व्हावी.

ही मापवाली कपड्यांची मापं सोडून लोकांचं बीपी कसं मोजायला लागली, त्याचं मूळ तिच्या वडिलांपाशी आहे. ते सुतार होते. एक दिवस काम करता करता हातातला रंधा गळून पडला आणि मागोमाग तेही पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बैलासारखा राबणारा माणूस, पण पुढची वर्षं त्यांना पाणीसुद्धा चमच्यानं पाजावं लागलं. शहरातल्या डॉक्टरांनी त्या दिवशी एकच गोष्ट विचारली होती, की यांचं बीपी किती असायचं? घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. किती असायचं म्हणजे काय, कुणी कधी मोजलंच नव्हतं. गावात दवाखाना होता, पण त्याच्या दारावर डॉक्टरपेक्षा कुलूपच जास्त वेळ दिसायचं. औषधांच्या कपाटात कापूस आणि खोकल्याच्या रिकाम्या बाटल्या. तो प्रश्न तिच्या मनात जो रुतून बसला तो बसलाच.

म्हणून शहरातून डॉक्टरीणबाई आल्या आणि शाळेच्या मोठ्या वर्गात त्यांनी सगळ्यांना जमवलं, तेव्हा पहिला हात तिनं वर केला. डॉक्टरीणबाई अंगानं काटकुळ्या, पण आवाज खणखणीत. त्यांनी सरळ सांगितलं, की आम्ही एक अभ्यास करतोय. प्रत्येक गावातली एक बाई निवडायची, तिला शिकवायचं, तिनं घरोघरी जाऊन बीपी मोजायचं आणि आम्ही लिहून देऊ त्या गोळ्या पोचवायच्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही स्वतः येऊन आमच्या मशीननं तपासू. वर्षभरात लोकांचं बीपी खाली आलं तर ही सोय गावोगाव कायमची होईल. नाही आलं, तर सरकार म्हणेल की हे काही कामाचं नाही, आणि सगळं गुंडाळावं लागेल. मग गोळ्याही बंद आणि गावातल्या बाईचं कामही बंद.

खरं तेच बोलल्या बिचाऱ्या. पण लोकांसमोर बोलल्या, आणि सगळ्या भानगडीचं बी तिथंच पडलं.

सासूनं घरी येऊन तोंडाचा पट्टा सुरू केला. कपडे शिवणाऱ्या बाईच्या हातून औषध कोण घेणार, लोक हसतील, चाललेली शिलाई बुडेल. मापवालीनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शिकायला गेली. परत आल्यावर पहिला पट्टा सासूच्याच दंडाला बांधला. आकडा भलताच वर होता. तिनं परत मोजलं, थोड्या वेळानं परत मोजलं. आकडा हटायला तयार नव्हता. सासू म्हणाली, मशीन बिघडलंय, तुझ्या हातात कुठली वस्तू धड राहिलीय आजवर?

गावाचंही तेच. मला काही होत नाही तर मी गोळी का घेऊ, हा सगळ्यांचा एकच सूर. मापवालीनं जिवाचं रान केलं. उन्हातान्हात घर न् घर पालथं घातलं. कुणाला गोडीनं, कुणाला दटावून, कुणाला त्याच्या नातवंडांची शपथ घालून तिनं गोळ्यांवर आणलं. निवृत्त मास्तर तर अडूनच बसले होते. साऱ्या गावाला अक्षरओळख करून देणारा माणूस, त्याला कोण शिकवणार? ती तीन वेळा त्यांच्या दारातून परत आली. चौथ्या वेळी मास्तरांनी स्वतःहून दंड पुढे केला, आणि वर म्हणाले, बघ बाई, तुझं समाधान होऊ दे.

आणि मग काय विचारता? दोन-तीन महिन्यांत सोमवारचे आकडे असे काही खाली आले, की डॉक्टरीणबाई चष्मा पुसून पुसून मशीनकडे बघायला लागल्या. अभ्यासात जेवढी गावं होती त्यांत हे गाव पहिलं. इतर गावांतल्या बायकांना त्या सांगायच्या, जरा बघा तिच्याकडे. मापवालीला शहरात बोलावून चारचौघांत तिचं कौतुक केलं. ती घरी आली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. वडिलांच्या वेळी जे जमलं नाही ते गावासाठी जमलं, असं तिला मनापासून वाटत होतं. दर पंधरवड्याला ती घरोघरी जाऊन गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजून घ्यायची. एकही पाकीट कमी पडत नव्हतं. तिला वाटायचं, केवढं शहाणं झालं आपलं गाव.

सोमवार सोडून तीही अधूनमधून लोकांचं बीपी मोजायची, पण सांगून जायची, अमक्या दिवशी येते म्हणून. लोकांच्या घरी न सांगता धडकणं तिच्या स्वभावात नव्हतं. शिवणकामात गिऱ्हाईक सांभाळायची सवय लागलेली. तिथंच ती चुकली.

असाच एक मोजणीचा सोमवार होता. सकाळी सासू खुर्चीतून उठली, भिंतीला हात लावला आणि भिंतीसकट घसरावी तशी खाली आली. तोंड पांढरंफटक, कपाळावर घामाचे थेंब.  मापवालीच्या डोळ्यांपुढे तिचे वडील उभे राहिले. तरी तिनं शिकवलं होतं तसं केलं. सासूला आडवं केलं, पायांखाली उशा दिल्या, पट्टा बांधला. तिला वाटलं होतं आकडा वर गेला असेल. तो इतका खाली होता की तिला दोनदा वाचावा लागला.

सासू थोड्या वेळानं डोळे उघडून पुटपुटली, की तीन घेतल्या, जरा जास्तच झाल्या वाटतं.

तीन कशाला घेतल्या? रोजची तर एक. मापवालीनं विचारलं, तर सासूनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तोंड फिरवणं हा सासूचा स्वभाव नव्हे. तिनं खोदून खोदून विचारलं. शेवटी सासूनं फळीवरच्या बिस्किटांच्या डब्याकडे बोट केलं. तिनं डबा उघडला. आत बिस्किटं नव्हती. गोळ्या होत्या, अर्धा डबा भरून, पाकिटातून सोडवून सुट्या केलेल्या.

मग हळूहळू सगळी गोष्ट बाहेर आली. ही मसलत मास्तरांची. शाळेतल्या पहिल्या सभेतलं ते बोलणं डोक्यात धरून त्यांनी चार घरांत सांगितलं, चार घरांनी चाळीस घरांत. मोजणीच्या आधी शनिवारपासून सगळ्यांनी दोन-दोन गोळ्या घ्यायच्या, मिठाला हात लावायचा नाही, भांडण काढायचं नाही, सोमवारी सकाळी आडवं पडून राहायचं. म्हणजे आकडे खाली. आणि बाकीचा महिना? बाकीचा महिना गोळ्या डब्यात. पाकिटं रिकामी करून मापवालीला दाखवायची, आतला ऐवज जपून ठेवायचा. या गावानं दवाखान्याचं कपाट जन्मभर रिकामं पाहिलेलं. आज गोळ्या येतायत, उद्या येतील याचा काय भरवसा? आत्ता तर काही दुखत नाही. दुखेल तेव्हासाठी असू देत. कुणाच्याही मनात पाप नव्हतं हो, हेच तर अवघड होतं.

मापवाली डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. सगळं गाव जाणत होतं आणि ती एकटी बावळटासारखी पाकिटं मोजत फिरत होती. लाजेनं तिचे कान तापले. तिनं विचारलं, आई, तुम्हीसुद्धा? माझ्या घरात राहून?

सासू म्हणाली, "तुझं हे काम गेलं असतं तर तू परत दिवसरात्र त्या शिलाई मशीनवर डोळे फोडत बसली असतीस. ते मला बघवलं नसतं."

लग्न झाल्यापासून सासूनं तिच्याविषयी चांगला शब्द काढल्याचं तिला आठवत नव्हतं. आता काढला तो असा. तिला रागही धड येईना आणि रडूही धड येईना.

त्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या, सगळ्यांना तपासलं, आकडे नेहमीसारखे झकास. निघताना म्हणाल्या, की पुढच्या महिन्यात वरचे साहेब येतायत, तुमचं गाव बघायला. त्यांनी होकार दिला की सोय कायमची झालीच म्हणून समजा. मापवालीनं सासूची तब्येत बरी नाही एवढंच सांगितलं. 

गुरुवारी ती कुणालाही न सांगता बीपीचं मशीन घेऊन निघाली आणि आधी मास्तरांच्या दारात उभी राहिली. मास्तर पेपर वाचत होते, पळायला जागा नव्हती. आकडा सुरुवातीच्या दिवसांपेक्षाही वर. शेजारच्या काकूंचा तसाच. कोपऱ्यावरच्या लोहाराचा बघून तर तिची पाचावर धारण बसली. सोमवारी हीच माणसं ठणठणीत होती. महिन्यातले दोन-चार दिवस सोडले तर तिचं सगळं गाव तिच्या वडिलांच्या वाटेनं चाललं होतं, आणि तिकडे शहरात त्याच गावाचं कौतुक चाललं होतं.

ती परत मास्तरांकडे गेली. मास्तर काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वर्गात गणित समजावून द्यावं तसं समजावलं. म्हणाले, "पोरी, महिनाभर तोंड बंद ठेव. साहेब येतील, हो म्हणतील, औषध कायमचं होईल. मग आम्ही रोज घेऊ की. आत्ता बोललीस तर आमचंही गेलं आणि तुझंही गेलं."

आणि गंमत बघा, तिला ते पटलं. घरी येईपर्यंत तिला ते पुरतं पटलं होतं. एक महिन्याचा तर प्रश्न. एवढी वर्षं गावाला काही मिळालं नाही, आता हाताशी आलेलं कोण घालवणार? ती मशीनवर बसली, एक बाही जोडायला घेतली आणि उलटी जोडली. उसवली, परत उलटी जोडली. मग तिनं सुई वर घेतली आणि नुसती बसली. तिच्या मनात येत होतं, की साहेब हो म्हणतील ते कशाला? डब्यातल्या गोळ्यांना. मग गावोगाव डबे भरतील आणि गावोगाव माणसं पडतील. आणि त्या महिन्याभरात लोहार पडला तर? आई पडल्या तर? उद्या शहरातल्या डॉक्टरांनी विचारलं, की यांचं बीपी किती असायचं, तर या वेळी तिला आकडा माहीत असणार होता, आणि तो खोटा असणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती शहरात गेली. सासूनं विचारलं कुठे, तर म्हणाली, सांगायला. सासूचा चेहरा उतरला, पण तिनं अडवलं नाही.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत भिंतीला सगळ्या गावांचे आलेख लावलेले होते. तिच्या गावाची रेघ घसरगुंडीसारखी खाली आलेली. ती रेघ बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं बिस्किटांचा डबा टेबलावर ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मधे थांबले तर पुढचं बोलता येणार नाही, असं तिला वाटत होतं. डॉक्टरीणबाईंनी डब्यातल्या गोळ्या बोटानं इकडेतिकडे केल्या.  मग त्या चिडल्या, आणि चांगल्याच चिडल्या. वर्षाची मेहनत पाण्यात गेली म्हणाल्या, वरच्या लोकांना काय तोंड दाखवू म्हणाल्या, तुम्हाला एवढे दिवस कळलं कसं नाही म्हणाल्या.  मापवाली मान खाली घालून उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काम बंद होऊ शकतं, हे माहीत असूनही तुम्ही आलात?"

"घरात माझ्या सासूबाई आहेत," ती म्हणाली. "काम गेलं तर शिलाई आहे. त्या गेल्या तर काय करू?"

डॉक्टरीणबाईंनी डबा ठेवून घेतला आणि बघते म्हणाल्या. बघते म्हणजे काय, हे तिला परतीच्या बसमध्ये सारा रस्ता कुरतडत राहिलं.

सकाळी तिला डबा घेऊन बसमध्ये चढताना लोकांनी बघितलंच होतं, त्यामुळे गावात बातमी तिच्या आधी पोचली होती. बसमधून उतरल्यावर एरवी चार जणी चहाला हाक मारायच्या, आज एकीनंही मारली नाही. मास्तर समोरून आले आणि रस्ता बदलून गेले. लोहाराच्या बायकोनं शिवायला टाकलेलं कापड परत नेलं, न शिवताच. पुढचा मोजणीचा सोमवार आला, डॉक्टरीणबाईंची गाडी आली नाही. साहेबही आले नाहीत. गाव म्हणालं, घ्या, झालं समाधान? मापवाली तरी घरोघरी जात राहिली. हातात उरल्या होत्या त्या गोळ्या देत राहिली, आणि प्रत्येकाला एकच सांगत राहिली, की माझ्यासाठी घेऊ नका, स्वतःसाठी घ्या. काहींनी तोंडावर दार लावलं. काहींनी नुसतं ऐकून घेतलं. घरी सासूशी तिचं कामापुरतंच बोलणं होतं. रागापेक्षा भीती जास्त होती तिच्या मनात. सासूला काही विचारलं आणि ती परत खोटं बोलली तर काय, म्हणून तिनं विचारणंच सोडलं होतं.

मग एका बुधवारी, भर दुपारी, गाव जेवून सुस्तावलेलं असताना डॉक्टरीणबाईंची गाडी शाळेपुढे येऊन थांबली. गावाची जी तारांबळ उडाली ती बघण्यासारखी होती. लोहार हातातला हातोडा टाकून घराकडे पळाला, डब्यातल्या दोन गोळ्या तोंडात टाकायला, आणि दारातच डॉक्टरीणबाईंनी त्याला गाठलं. म्हणाल्या, राहू द्या, आहे तसेच या.

शाळेच्या वर्गात सगळे गोळा झाले. माना खाली, जणू गृहपाठ न करता आलेली पोरं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की मी अभ्यासातल्या सगळ्या गावांत अशी न सांगता जाऊन आले. डबे सगळीकडे सापडले. कुठे बिस्किटांचे, कुठे पावडरीचे, एका घरात तर जुन्या बुटात. सोमवारी चांगलं दिसायचं, हे सगळ्या गावांना सुचलं होतं. येऊन सांगितलं एकाच गावानं. वरचे लोक आधी तापले, मग शांत झाले. ते आकडे सगळे फेकून दिलेत. आता नव्यानं सुरुवात, आणखी एक वर्ष, आणि तपासणी कधीही, न सांगता. शिवाय प्रत्येक घरी महिनाभराच्या जादा गोळ्या आधीच देऊन ठेवणार. म्हणजे संपतील म्हणून साठवायची कुणाला गरज नाही.

 मग मास्तर उठले. त्यांनी घसा साफ केला, गावाकडे बघितलं, मापवालीकडे बघितलं आणि म्हणाले, की चूक माझी होती, पोरीची नव्हती. एवढंच म्हणून बसले. साऱ्या हयातीत मास्तरांनी चूक कबूल केल्याचं गावाला आठवत नव्हतं. मापवालीचा ऊर भरून आला. तिला वाटलं, यासाठी आणखी दहा वेळा शहरात जाऊन बोलणी खाईन.

पण पहिल्यांदा दंड कोण पुढे करणार? खरा आकडा सगळ्यांसमोर यायचा होता. सगळे एकमेकांना कोपरानं ढोसत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून सासू उठली. गर्दीतून वाट काढत पुढे आली, खुर्चीत बसली आणि बाही वर करून दंड टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी पट्टा मापवालीच्या हातात दिला. म्हणाल्या, तुम्हीच मोजा, मी बघते.

तिनं पट्टा बांधला.  मशीन घरघरलं, थांबलं. आकडा सोमवारच्या झकास आकड्यांसारखा नव्हता. जरा वरच होता. पण पहिल्या दिवशी जो आकडा तीनदा मोजूनही हटला नव्हता, त्याच्यापेक्षा कितीतरी खाली होता. न सांगता आलेल्या बुधवारी, जेवणानंतर, गर्दीतून चालत येऊन. तिनं चमकून सासूकडे बघितलं.

"रोज एक घेते," सासू म्हणाली. "तू शहरात गेलीस त्या दिवसापासून."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठं?"

मापवालीचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. सगळ्या गावादेखत ती रडली, आणि रडता रडता पेन उचललं. समोरचा कागद तिला धड दिसत नव्हता. सासूनं दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरून स्थिर केलं.

"नीट लिही बाई," सासू म्हणाली. "खाडाखोड नको. खरा आहे तो."